गल्लीच्या टोकाला चुकणारा वाघ्या घरात का चुकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. होटगी रोडला राहणाऱ्या एका ताईंचा नवरा आणि दीर जुळे आहेत, तेही हुबेहूब. उंची, बांधा, मिशी, फोनवरचा आवाज सगळं इतकं सारखं, की लग्नानंतर कितीतरी दिवस ताई स्वतःच पाठमोऱ्या माणसाला चुकीची हाक मारायच्या. घरात वाघ्या नावाचा तीन वर्षांचा कारवान जातीचा कुत्रा आहे. लाइट गेलेली असली तरी अंधारात कोण आलंय ते तो बरोबर ओळखतो. नवरा आला की पायाशी जाऊन बसतो, दीर आला की चेंडू तोंडात धरून पुढे जातो. पण हाच वाघ्या गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या दोघांत गफलत करतो. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नवरा बाराबंदी (यात्रेतला पांढरा अंगरखा) आणि फेटा घालून घरी आला, तर त्याच्यावरच गुरगुरला. सासूबाईंचं म्हणणं, कुत्रं कपड्यावरून माणूस ओळखतं. आणि आता दीर नोकरीसाठी पुण्याला चाललेत, तर वाघ्या त्यांना विसरेल का, ही घरातल्या सगळ्यांची काळजी.

ताई, मी सोलापुरात वर्षानुवर्षं जनावरांवर उपचार करतो आहे आणि त्यात कुत्र्यांचं प्रमाण मोठं आहे. तुमच्या वाघ्याच्या वागण्यात मला काहीच विसंगत दिसत नाही. आपण माणसं चेहरा पाहिला की एका क्षणात ‘हा अमुक’ असं ठरवून मोकळे होतो, आणि कुत्रंही तसंच करत असेल असं धरून चालतो. कुत्र्याचं तसं नसतं. लांबवर आकार आणि हालचाल, जवळ आल्यावर पावलांचा आणि गळ्याचा आवाज, आणि शेवटी वास, अशी त्याची खात्री पायरीपायरीने पक्की होत जाते. गल्लीच्या टोकाला तो पहिल्या पायरीवर असतो, घरात शेवटच्या. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं पहिल्या पायरीपुरतं बरोबर आहे, त्यापुढे नाही.

आधी नजरेचं बघू. कुत्र्याची नजर आपल्यापेक्षा बरीच अधू असते. चांगल्या नजरेच्या माणसाला जो बारकावा ७५ फुटांवरून दिसतो, तो पाहायला कुत्र्याला साधारण २० फुटांपर्यंत यावं लागतं. रंगांचंही तसंच. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. निळा आणि पिवळा त्याला नीट वेगळे दिसतात; लाल आणि हिरव्यात तो गोंधळतो. म्हणून एका भावाचा शर्ट लाल आणि दुसऱ्याचा हिरवा, हा तुमच्या दृष्टीने ढळढळीत असलेला फरक वाघ्याच्या फारसा उपयोगाचा नाही.

हालचालीच्या बाबतीत मात्र तो आपल्याला ऐकत नाही. १९३६ साली पोलीस कुत्र्यांवर केलेल्या एका जुन्या चाचणीचा दाखला आजही दिला जातो. त्यांतल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांना हलणारी वस्तू ८१० ते ९०० मीटरवरून कळली. तीच वस्तू स्थिर ठेवली तर अंतर ५८५ मीटरच्या आत आलं. वाघ्या तर कारवान. कारवान काय, मुधोळ काय, ही दख्खनची कुत्री मोकळ्या माळावर सशाच्या मागे नजर लावून धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. लांब निमुळत्या तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टिपेशींचा दाट पट्टा आडवा पसरलेला असतो, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेत काही हललं की ते त्यांना चटकन टिपता येतं. शेजारच्या पग किंवा पामेरियनचं लक्षही जाणार नाही इतक्या लांबून वाघ्या उठून उभा राहतो. त्याला माणूस लवकर दिसतो, पण तो कोण हे कळायला लागणारा चेहरा त्या अंतरावरून दिसतच नाही. दिसते ती चाल, खांद्यांची ठेवण, हात हलवण्याची लकब. एकाच पेशीपासून जन्मलेल्या आणि एकाच अंगणात वाढलेल्या दोन भावांची चाल सारखी असणारच. मग तो अंदाज बांधतो आणि कधीतरी चुकतो.

बाराबंदीच्या दिवशी नेमकं काय झालं असेल ते आता लक्षात येईल. रोज पँट-शर्टात दिसणाऱ्या माणसाची आकृतीच त्या दिवशी बदलली होती. ढगळ पांढरा अंगरखा, डोक्यावर फेटा, खांद्यावर उपरणं. कान-केस झाकले गेले म्हणजे डोक्याची ओळखीची कड गेली. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत दिवसभर फिरलेला माणूस थकून वेगळ्याच चालीने चालतो. अंगाला गर्दीचा, कापराचा, उदाचा, शेकडो अनोळखी माणसांचा वास चिकटलेला. त्यात शोभेच्या दारूकामाच्या आवाजाने कुत्री त्या दिवसांत आधीच बिथरलेली असतात. यात्रेच्या आठवड्यात घाबरून पलंगाखाली शिरलेल्या, खाणं सोडलेल्या कुत्र्यांसाठी मला दरवर्षी फोन येतात. घाबरलेलं कुत्रं शंकेचा फायदा देत नाही, आधी गुरगुरतं. मला तर यात वाघ्याचा काडीचाही दोष दिसत नाही.

चेहरा त्याला अजिबात कळत नाही असं मात्र समजू नका. व्हिएन्नात लुडविग हुबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना ओळखीच्या दोन माणसांमधून एकाची निवड करायला शिकवलं होतं. खरीखुरी डोकी समोर असताना जे जमत होतं, ते फोटो दाखवल्यावर घसरलं. कुत्री पुन्हा शिकली, तेव्हा केस आणि कडा काढून फक्त डोळे-नाक-तोंड एवढाच भाग दाखवला, आणि जमणं परत घसरलं. पण दोन कुत्र्यांनी सगळ्या पायऱ्या पटापट पार केल्या. म्हणजे केवळ चेहऱ्यावरून ओळखणं कुत्र्याला शक्य आहे. बहुतेक कुत्री त्या भानगडीत पडत नाहीत, कारण त्यांच्या हाताशी त्याहून भरवशाची साधनं असतात. आणि केसांची ठेवण, डोक्याचा आकार यांवर त्यांची भिस्त जास्त असते हेही त्यातून दिसतं. हेल्मेट घातलेल्या मालकावर भुंकणारी, टक्कल केलेल्या काकांना पाहून मागे सरकणारी कुत्री तुम्ही पाहिली असतीलच.

पुढची पायरी आवाजाची. हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२२ साली एक छान प्रयोग मांडला. २८ कुत्री. मालक एका आडोशामागे, अनोळखी माणूस दुसऱ्या आडोशामागे, आणि दोघांच्या आवाजात कुठल्याही भावनेशिवाय वाचलेला मजकूर कुत्र्याला ऐकवायचा. ८२ टक्के वेळा कुत्र्याने मालकाचा आडोसा बरोबर गाठला. वासावरून तर जात नाही ना, हे तपासायला शेवटी मालकाचा आवाज मुद्दाम अनोळखी माणसाच्या बाजूने लावला, तरी कुत्री आवाजामागे गेली. त्यातला मला सगळ्यात कामाचा वाटलेला भाग असा, की कुत्री मुख्यतः दोन गोष्टी धरतात: आवाज किती उंच वा खर्जातला आहे, आणि किती घोगरा वा स्वच्छ आहे. तुमच्या घरात दोन्ही भावांचा सूर जवळजवळ सारखा असेल तर नुसत्या हाकेवरून वाघ्याला अवघड जाणं अगदी स्वाभाविक आहे. पण दोघांपैकी एक विडी-सिगारेट ओढणारा असेल, एकाचा घसा कायम बसलेला असेल, तर तेवढ्यानेही त्याचं काम भागतं.

यावरूनच एक सल्ला. गेटवर तो गुरगुरला की त्याच्यावर खेकसू नका. रागाने ओरडल्यावर माणसाचा सूर चढतो आणि चिरकतो. म्हणजे कुत्रा ज्या दोन खुणांवर मालकाला ओळखतो, नेमक्या त्याच तुम्ही पुसून टाकता. रोजच्या सुरात त्याचं नाव घ्या, फेटा असेल तर उतरवा, थोडं तिरकं वळून उभं राहा आणि त्याला वास घेऊ द्या. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर फार वेळ लागणार नाही.

घराबाहेरच्या आवाजांतही बरंच काही असतं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. मोटारसायकलचं इंजिन, स्टँड लावायची पद्धत, चप्पल घासत चालण्याची सवय, किल्ल्यांचा जुडगा, यातून दाराची कडी वाजण्याआधीच त्याचा निम्मा हिशेब झालेला असतो. आणि या खुणा तो सुट्या सुट्या ठेवत नाही. क्योतो विद्यापीठात २००७ साली कुत्र्यांना आधी मालकाचा किंवा परक्याचा आवाज ऐकवला आणि मग पडद्यावर चेहरा दाखवला. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा आला, की कुत्री जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. हा आवाज ऐकला म्हणजे हा चेहरा दिसायला हवा, अशी अपेक्षा त्यांच्या मनात तयार होते. भाऊ आळीपाळीने एकमेकांची गाडी वापरत असतील तर वाघ्या दारात येऊन क्षणभर थबकतो का, ते पाहा.

आता खरा विषय, वास. इथे जुळ्यांचा प्रश्न फार जुना आहे. १८७५ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी जुळ्यांविषयी लिहिताना सुचवलं होतं, की हुबेहूब जुळी माणसं कुत्र्याला वासावरून वेगळी ओळखता येतात का, हे करून पाहण्यासारखं आहे. प्रत्यक्षात ते नीट करून पाहिलं गेलं त्यानंतर ८० वर्षांनी. १९५५ साली हान्स काल्मुस यांनी प्रशिक्षित कुत्र्यांवर प्रयोग प्रसिद्ध केले. एका जुळ्याचा वास देऊन वस्तूंच्या ढिगातून त्याची वस्तू आणायला सांगितलं आणि ढिगात फक्त दुसऱ्याचीच वस्तू असली, तर कुत्री ती उचलून आणत. पण माग काढायच्या कामात दोघांचेही वास समोर असताना कुत्र्यांना फरक करता आला. या दोन निकालांत मला विरोध वाटत नाही. एकट्या भावाचा वास ‘पुरेसा जवळचा’ म्हणून चालून जातो. दोन्ही शेजारी आले की बारीक फरक डोळ्यांत, म्हणजे नाकात, भरतो.

त्यानंतर १९८८ साली बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी प्रश्नाची फोड केली. जुळ्यांची जनुकं वेगळी असतील, किंवा राहणं-खाणं वेगळं असेल, तर कुत्र्यांनी त्यांना वेगळं ओळखलं. जनुकंही एक आणि परिस्थितीही एक, म्हणजे एकाच घरातली हुबेहूब जुळी तान्ही बाळं, तिथे मात्र कुत्री अडली. बरीच वर्षं हाच शेवटचा शब्द मानला जात होता. मग २०११ साली चेक प्रजासत्ताकातल्या लुडविक पिंक आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. वासाची ओळख पटवण्यासाठीच तयार केलेली पोलिसांची दहा जर्मन शेफर्ड कुत्री. एकाच घरात राहणारी, तेच अन्न खाणारी हुबेहूब जुळी मुलं, शिवाय तुलनेसाठी साधी, म्हणजे हुबेहूब नसलेली जुळी. मुलांच्या पोटाच्या त्वचेला लावलेले सुती कापडाचे तुकडे काचेच्या बरण्यांत ठेवले होते. एकाही कुत्र्याने एकदाही चूक केली नाही.

आधीची कुत्री अडली आणि ही अडली नाहीत, यात मला शिक्षणाचा वाटा सर्वांत मोठा दिसतो. नाक सगळ्यांचं तेच. पण ‘जवळपास तसाच’ वास चालणार नाही, ‘नेमका तोच’ हवा, हे या दहा कुत्र्यांच्या अंगात मुरवलेलं होतं. घरच्या कुत्र्याला हे शिक्षण कोणी मुद्दाम देत नाही. तरी तुमच्या वाघ्याला ते रोजच्या जगण्यातून मिळालं आहे. एकाजवळ गेलं की शांत बसायला मिळतं, दुसऱ्याजवळ गेलं की खेळायला. फरक ओळखण्याचा त्याला रोज फायदा होतो, म्हणून तो फरक शिकला.

जुळ्यांचा वास वेगळा असतो तरी कशाने, तर माणसाचा वास एका गोष्टीचा बनलेला नसतो. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथींतून जे पाझरतं त्याला स्वतःला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचं रूपांतर करतात तेव्हा तो येतो. कुठल्या ग्रंथी किती पाझरणार, यावर जनुकांचा हात असतो. तो दोघांत सारखा. पण जिवाणूंची वस्ती प्रत्येकाची आपली असते. त्यावर खाणं, पाणी, साबण, आजार, ताण, काम हे सगळं चढतं. एकाच सासूने शिकवलेल्या दोन सुनांच्या शेंगाचटणीसारखं आहे हे: शेंगदाणे तेच, लसूण तोच, उखळही तेच, तरी घरातलं माणूस बोटभर चाखून सांगतं की ही कोणाच्या हातची. तुमच्याकडे तर एक भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आणि दुसरा दुकानात, असं तुम्ही लिहिलंय. सुताची धूळ, मागाचं तेल आणि रंगाचा उग्र दर्प रोज अंगावर घेऊन येणारा माणूस ओळखायला वाघ्याला जनुकांपर्यंत जायची गरजही नाही.

आणि हे सगळं टिपायला त्याच्याजवळ यंत्रणाच तशी आहे. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. हुंगताना तो सेकंदाला पाच-एक वेळा हवा ओढतो. आत आलेल्या हवेचा एक प्रवाह श्वासासाठी फुप्फुसाकडे जातो, दुसरा लहान प्रवाह नाकाच्या मागच्या कप्प्यात फक्त वासासाठी वळतो. सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे जाते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. हे सगळं नाक बंद, तोंड उघडं ठेवून धापा टाकताना होत नाही. म्हणून आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी, पारा ४२ वर गेलेला असताना, जीभ बाहेर काढून धापणारं कुत्रं वासाच्या कामात कमी पडतं. तुम्ही बाहेरून आल्यावर तो नेहमीपेक्षा उशिरा ओळखत असेल तर आधी सावली आणि पाणी द्या. संध्याकाळी हवा निवली की तोच कुत्रा पुन्हा तरबेज होतो.

वाघ्याची परीक्षा घरी घ्यायची इच्छा असेल तर जरूर घ्या, पण नीट घ्या. आपल्याकडे टेरी टॉवेलला तोटा नाही आणि ते वास छान धरून ठेवतात. सारखे पाच-सहा लहान टॉवेल बिनवासाच्या साबणाने धुऊन वाळवा. दोन्ही भावांना एकाच साबणाने अंघोळ करायला सांगा आणि उघड्या अंगावर एकेक टॉवेल अर्धा तास ठेवू द्या. ताई, रात्री उशाशी टॉवेल ठेवून उरकायचा मोह होईल, तो टाळा. नवऱ्याच्या टॉवेलला तुमचा वास लागेल, आणि वाघ्या दोघा भावांतला फरक ओळखण्याऐवजी ‘ज्यात वहिनीबाईंचा वास तो एक’ असा सोपा रस्ता काढेल. टॉवेल हाताने न धरता चिमट्याने उचलून स्टीलच्या डब्यांत टाका. नुसते दोन डबे ठेवलेत तर निम्म्या वेळा तो नशिबानेच बरोबर येईल, तेव्हा पाच ठेवा; उरलेल्यांत शेजाऱ्यांचे टॉवेल घाला. आधी काही दिवस फक्त परक्यांच्या टॉवेलांतून दिरांचा टॉवेल शोधायला शिकवा, ते पक्कं झालं की मगच नवऱ्याचा टॉवेल रांगेत आणा. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. चटणी लावलेली भाकरी अजिबात देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि लोक ही गोष्ट फार हलक्यात घेतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या वेळी खोलीत असणाऱ्या कोणालाही बरोबर डबा कुठला हे माहीत नसावं. डबे एकाने मांडावेत आणि बाहेर जावं, वाघ्याला दुसऱ्याने आणावं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुरं आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की घोडा आकडे मोजत नव्हता. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगात नकळत जो हलकासा बदल व्हायचा, तो पाहून तो थांबायचा. कुत्री आपल्याला घोड्याहून कितीतरी बारकाईने वाचतात. तुमची नजर बरोबर डब्यावर रेंगाळली तरी वाघ्या तिथेच बसेल आणि तुम्ही त्याच्या नाकाचं कौतुक करत राहाल. शिवाय अधूनमधून दिरांचा टॉवेल रांगेत ठेवूच नका, नवऱ्याचा मात्र ठेवा. त्या वेळी तो नवऱ्याच्या डब्याशी बसला तर समजा, की काल्मुसच्या कुत्र्यांसारखं ‘जवळपास तोच’ यावर भागवतोय. कुठेच न बसता तुमच्याकडे परत आला, तर मला जरूर कळवा. घरच्या कुत्र्यात इतकी पक्की समज फार थोड्यांना साधते.

दीर पुण्याला गेल्यावर विसरेल का, तर माझ्या मते मुळीच नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ समुद्रप्रवासाला गेले होते. पाच वर्षं आणि दोन दिवसांनी परतल्यावर त्यांनी तबेल्यापाशी जाऊन पूर्वीच्याच पद्धतीने आपल्या कुत्र्याला हाक मारली. ते कुत्रं परक्यांशी फटकून वागणारं होतं. त्याने आनंदाने उड्या वगैरे मारल्या नाहीत. अर्ध्या तासापूर्वीच भेट झाली असावी तसं ते त्यांच्यामागे फिरायला निघालं. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी जागेपणी एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलेल्या १२ कुत्र्यांना वेगवेगळे वास दिले. स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. काहीतरी चांगलं मिळणार म्हणून मेंदूतला जो भाग जागा होतो, तो सर्वांत जास्त जागा झाला ओळखीच्या माणसाच्या वासाला. आणि तो माणूस त्या वेळी तिथे नव्हता. दिरांचा जुना टी-शर्ट वाघ्याच्या अंथरुणात ठेवायचा असेल तर ठेवा, पहिल्या दिवसांत त्याला बरं वाटेल. आठवण टिकवण्यासाठी मात्र त्याची गरज नाही.

दीर सुट्टीला येतील तेव्हा एक होऊ शकतं. नवं शहर, नवा साबण, नवी दाढी. वाघ्या गेटवर भुंकेल आणि दिरांना वाईट वाटेल. त्यांना आधीच सांगून ठेवा, की खाली वाकून त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊ नका, हात पुढे करून डोक्यावर ठेवू नका. बाजूला उभं राहून दोन शब्द बोलायचे आणि वाट पाहायची. चेंडू तो स्वतःच आणून देईल.

हे सगळं झालं निरोगी कुत्र्याचं. काही बदल मात्र दवाखान्यात दाखवायला हवेत. म्हातारपणी मोतीबिंदू, मधुमेहाने आलेलं अंधत्व, बहिरेपणा यांनी ओळखीच्या पायऱ्या एकेक करून निखळतात. तेव्हा कुत्रं झोपेत असताना अंगाला हात लावण्याआधी जमिनीवर पाय आपटा किंवा हात नाकाशी न्या. डिस्टेंपरसारख्या विषाणूंच्या आजारात वास घेण्याची ताकद कमी होते. वयस्क कुत्री मेंदूच्या ऱ्हासाने घरच्यांनाच परक्यासारखं बघू लागतात, रात्री उगाच फिरतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात. त्यावर औषधांनी थोडाफार आराम पडतो, म्हणून ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि रेबीज. वाघ्या गेटवर गुरगुरला आणि वास घेतल्यावर निवळला, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कुठलंही कुत्रं घरात, जवळून, वास घेऊनही आपल्या माणसाला ओळखेनासं झालं, विनाकारण चावू लागलं, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा मागचे पाय लटपटू लागले, तर ओळख पटवून देण्याचा प्रयत्न करत बसू नका. मुलांना लांब करा, दार लावून त्याला एका खोलीत कोंडा आणि पशुवैद्यकाला फोन करा. लाळ लागली, ओरखडा आला किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन इंजेक्शन सुरू करा. जखमेला हळद-चुना लावू नका. वाघ्याचा रेबीजचा वार्षिक डोस झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कार्डावरची तारीख काढून पाहा, आणि वर्ष उलटलं असेल तर या आठवड्यातच त्याला घेऊन जा.